गेममधली लुकलुक आणि दातेरी कडा: आधी ओळखा, मग सेटिंगला हात लावा

सगळं अल्ट्रावर आहे, फ्रेम्स पण मस्त येतायत, अँटी-एलियासिंग (एए, म्हणजे कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) पण चालू आहे, आणि तरी लांबची झाडं लुकलुकतात, विजेच्या तारा तुटक तुटक दिसतात, छपरांवर मुंग्या फिरल्यासारखं काहीतरी सतत हलत राहतं. ही तक्रार केली की पहिला सल्ला मिळतो "एए वाढव" आणि दुसरा "कार्ड बदल". बहुतेक वेळा दोन्ही कामाचे नसतात, कारण ही लुकलुक एका जातीची नसतेच. चार-पाच वेगळ्या कारणांनी ती होते आणि एकीवरचा उपाय दुसरीला काडीचाही लागू पडत नाही, कधीकधी तर वाढवून ठेवतो. म्हणून आधी थोडं समजून घेऊ आणि मग एकेक सेटिंग बघू, क्रम महत्त्वाचा आहे म्हणून मधलं काही गाळू नका.

मुळात होतं काय

१०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेलला एका वेळी एकच रंग. साध्या पद्धतीत ग्राफिक्स कार्ड पिक्सेलच्या मधोमध एकाच ठिकाणी तपासतं की इथे भिंत आहे का आकाश आहे. भिंत सापडली तर अख्खा पिक्सेल भिंतीचा, नाही तर अख्खा आकाशाचा, अर्धा-अर्धा असा प्रकार नाही. त्यामुळे तिरकी कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. आता तार पिक्सेलपेक्षा बारीक असेल तर ती त्या मधल्या बिंदूवर आली तरच दिसणार, नाही आली तर त्या पिक्सेलपुरती गायब. कॅमेरा जरा हलला की पुढच्या फ्रेमला उत्तर वेगळं येतं, तार परत दिसते, परत जाते. हे उत्तर सतत बदलत राहणं म्हणजेच लुकलुक.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा, ती फार कामाची आहे. लुकलुक हा हलत्या चित्राचा दोष आहे, स्क्रीनशॉटमधे तो दिसतच नाही. एए बंद केलेला स्क्रीनशॉट एकदम कडक आणि शार्प वाटतो आणि टीएएचा (मागच्या फ्रेम्स मिसळणारं एए, पुढे येईलच) जरा मऊ वाटतो, म्हणून लोक टीएएला शिव्या घालतात, पण तोच गेम चालवत बघितला की पहिल्यात डोळे दुखतात. तुलना करायची तर नेहमी हलताना करा.

लुकलुक ओळखायची कशी

गेममधे अशी एक जागा शोधा जिथे झाडं, कुंपण किंवा जाळी, लांब जाणारा रस्ता आणि काहीतरी चकाकणारं असं सगळं एकत्र दिसतं, तिथे सेव्ह करून ठेवा आणि प्रत्येक बदल तिथेच तपासा. आधी कॅमेरा एकदम स्थिर ठेवा, मग अगदी हळू डावीकडून उजवीकडे फिरवा, मग सरळ चालत पुढे जा.

इमारतींच्या, गाड्यांच्या, टेबलांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसत असतील तर तो आकाराच्या कडेचा प्रश्न, सगळ्यात सोपा. पानं, गवत, केस, तारेची जाळी लुकलुकत असेल तर प्रकरण वेगळं आहे, कारण गेममधलं पान म्हणजे खरं तर एक सपाट चौकोन असतो आणि पानाचा आकार त्यावर चिकटवलेल्या चित्रातून, म्हणजे टेक्स्चरमधून, कापून काढलेला असतो. रस्ता, विटा, छपरं लांबवर सळसळत असतील किंवा थोड्या अंतरावर अचानक धूसर होत असतील तर टेक्स्चर फिल्टरिंगकडे बघायचं. ओला रस्ता, धातू, चिलखत यांच्यावर पांढरे ठिपके चमकून जात असतील तर तो प्रकाशाच्या गणिताचा दोष, आणि तो सगळ्यात हट्टी. शेवटचं म्हणजे कॅमेरा स्थिर असताना पण सावल्यांत, डबक्यांत किंवा कोपऱ्यांत दाणेदार खदखद दिसत असेल तर त्याचं मूळ सावली, प्रतिबिंब किंवा रे ट्रेसिंगच्या (प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड मोजायची पद्धत) सेटिंगमधे असतं, एए कितीही बदला.

आधी घर साफ करा

विंडोजमधे मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशनच निवडलंय ना बघा, गेममधे पण तेच, आणि रिझोल्यूशन स्केल (गेम आतमधे किती टक्के रिझोल्यूशनवर काढायचा) नावाचा पर्याय असेल तर तो १०० टक्के. डायनॅमिक रिझोल्यूशन, म्हणजे ते आपोआप कमी-जास्त करणारा पर्याय, बंद. हे हास्यास्पद वाटेल पण कित्येक गेम पहिल्यांदा सुरू होताना कार्ड बघून स्वतःच स्केल ७०-८० वर आणून ठेवतात आणि कोणी बघत नाही.

मॉनिटरचा आकार पण हिशोबात धरा. १५.६ इंची लॅपटॉपवर १०८०पी म्हणजे एका इंचात साधारण १४१ पिक्सेल, २४ इंचीवर ९२, आणि २७ इंचीवर फक्त ८२. म्हणजे तोच गेम, तीच सेटिंग, पण २७ इंचीवर दात ठसठशीत दिसणार. २७ इंची घ्यायचाच असेल तर १४४०पी घ्या, तिथे हा आकडा १०९ वर जातो आणि अर्धा त्रास तिथेच संपतो. टीव्ही जोडला असेल तर त्याचा शार्पनेस उतरवा आणि गेम मोड चालू करा, बऱ्याच टीव्हींवर शार्पनेस शून्यावर नेला तरच चित्र जसंच्या तसं येतं.

शार्पनिंग, म्हणजे अर्ध्या तक्रारींचं मूळ

माझं स्पष्ट मत आहे की आजकालच्या लुकलुकीला शार्पनिंग जितकं जबाबदार आहे तितकं दुसरं काहीच नाही. शेजारशेजारच्या पिक्सेलमधला फरक एए कमी करतं, आणि शार्पनिंग नेमका तोच फरक परत ताणतं. गेमच्या मेनूत एक स्लायडर, डीएलएसएस किंवा एफएसआरसोबत (लहान चित्र मोठं करणारी तंत्रं, पुढे येतील) दुसरा, ड्रायव्हरमधलं इमेज शार्पनिंग तिसरं, आणि मॉनिटरचं चौथं, असे एकावर एक थर लागलेले असतात आणि माणूस एए बदलत बसतो.

सगळी शून्यावर आणा. चित्र पहिल्यांदा मिळमिळीत वाटेल, डोळ्यांना सवय होऊ द्या, मग वाटलंच तर एकाच ठिकाणचं, शक्यतो गेममधलं, थोडं थोडं वाढवा आणि पानं लुकलुकायला लागली की एक घर मागे या. फिल्म ग्रेन (सिनेमासारखे दाणे) आणि क्रोमॅटिक ॲबरेशन (कडांना रंगांची झालर) पण याच वेळी बंद करून टाका, दोन्ही बारीक तपशील बिघडवतात आणि नक्की दोष कुठला ते कळू देत नाहीत.

टेक्स्चर फिल्टरिंग

लांबच्या वस्तूला मोठं टेक्स्चर लावलं तर एका पिक्सेलमधे शेकडो बारकावे येतात आणि कार्ड त्यातला कुठलातरी एक उचलतं, म्हणून सळसळ. यावर उपाय १९८३ सालचा आहे, लान्स विल्यम्सने मांडलेले मिपमॅप्स. त्याच टेक्स्चरच्या अर्ध्या, पाव, अष्टमांश मापाच्या प्रती आधीच करून ठेवायच्या आणि अंतराप्रमाणे योग्य ती वापरायची, मेमरी फक्त एक तृतीयांश जास्त लागते. अडचण अशी की रस्त्यासारखी गोष्ट आपण तिरकी बघतो, आणि मग साधं फिल्टरिंग लांबचा भाग उगाच धूसर करतं. तिथे ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग लागतं.

ते सरळ १६एक्स करा. आजच्या कुठल्याही स्वतंत्र कार्डवर त्याने फ्रेम्समधे नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. गेममधे पर्याय नसेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधे मॅनेज थ्रीडी सेटिंग्जमधे प्रोग्राम सेटिंग्जच्या टॅबवर तो गेम निवडून तिथून लावा, आणि तिथेच टेक्स्चर फिल्टरिंगची क्वालिटी पण हाय क्वालिटी करा. रॅडिऑनवाल्यांना ॲड्रेनालिनमधे (एएमडीचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर) गेमच्या प्रोफाइलमधे असाच पर्याय मिळेल, पण तिथला ॲनिसोट्रॉपिक फक्त डायरेक्टएक्स ९ च्या गेम्सवर चालतो.

आता एलओडी बायस. हा आकडा ठरवतो की कार्डाने कुठल्या मापाची प्रत उचलायची. उणे केला की लांबवर पण मोठी प्रत वापरली जाते, चित्र कडक दिसतं आणि लुकलुक सुरू. बरेच "ग्राफिक्स एकदम क्लिअर करा" छाप ट्वीक्स आणि मॉड्स हेच करतात, उणे दोन, उणे तीन वगैरे. असं काही टाकलं असेल तर काढा. जुन्या डायरेक्टएक्स ९ गेम्ससाठी एनव्हिडियामधे निगेटिव्ह एलओडी बायस क्लॅम्प करायचा, म्हणजे शून्याखाली जाऊ न द्यायचा, पर्याय आहे, तो वापरा. पण डीएलएसएस किंवा एफएसआर वापरताना उणे बायस गरजेचा असतो (आतलं रिझोल्यूशन बरोबर निम्मं असेल तर डीएलएसएसला साधारण उणे एक), म्हणून तिथे तो अलाउवर ठेवा, गेम आपलं आपण बघून घेतो. आणि जुन्या गेममधे एचडी टेक्स्चर पॅक टाकल्यावर जमीन सळसळायला लागली तर संशय पॅकवर घ्या, काही पॅकमधे मिपमॅप्स बनवलेलेच नसतात, त्यावर एए बदलून फारसं काही होत नाही.

आता एए, कुठलं आणि का

एफएक्सएए एनव्हिडियाच्या टिमोथी लॉट्सने २००९ मधे आणलं. तयार झालेल्या चित्रात कडा शोधून त्या पुसट करणं एवढंच ते करतं. जवळजवळ फुकट आहे, पण टेक्स्चर आणि अक्षरं पण पुसतं आणि लुकलुक जवळपास तशीच ठेवतं. अगदीच गरीब मशीन असेल तरच. एसएमएए त्याच जातीचं पण कडेचा आकार नीट ओळखून काम करतं, बाकी चित्र पुसत नाही, त्यामुळे दोघांत निवड असेल तर डोळे झाकून एसएमएए. लुकलुक मात्र तेही थांबवत नाही, कारण दोघांना समोरची एक फ्रेम सोडून दुसरं काही माहीतच नसतं.

एमएसएए मला मनापासून आवडतं. एका पिक्सेलमधे एकाऐवजी दोन, चार किंवा आठ ठिकाणी कड तपासायची, पण रंगाचं गणित एकदाच करायचं. कडा सुंदर येतात, चित्र जराही पुसट होत नाही. व्हॅलोरंटमधे ४एक्स, काउंटर-स्ट्राइक २ मधे ४एक्स किंवा जमलं तर ८एक्स ठेवा, लांबच्या माणसाची कड स्थिर राहते आणि नेम धरायला खरंच मदत होते. पण कापून काढलेली पानं आणि चकाकणारे ठिपके यांना एमएसएए हात लावत नाही, आणि आजकालच्या मोठ्या गेम्सच्या डिफर्ड रेंडरिंगमधे (आधी आकार काढून प्रकाशाचं गणित मागाहून करायची पद्धत) ते भयंकर महाग पडतं. रेड डेड रिडेम्पशन २ मधे एमएसएए दिलंय, पण तो गेम म्हणजे झाडं, गवत आणि केस, तिथे फ्रेम्स धडाधड पडतात आणि हाती फारसं काही लागत नाही. जीटीए ५ च्या जुन्या आवृत्तीत २एक्स ठीक आहे, गवत अल्ट्रावर असताना ४एक्स टाकलं की गावाबाहेर गेल्यावर कार्ड गुदमरतं.

टीएए. प्रत्येक फ्रेमला तपासायचा बिंदू पिक्सेलच्या आत किंचित सरकवायचा आणि मागच्या फ्रेम्सची माहिती त्यात मिसळायची, काय कुठे हललं त्याचा हिशोब ठेवून. म्हणजे एका फ्रेममधे एकच तपासणी पण आठ फ्रेम्स मिळून आठ. पानं, जाळी, तारा, चकाकणारे ठिपके, या चारांत सगळ्यावर लागू पडणारं हेच एक. किंमत म्हणजे चित्र मऊ होतं आणि पळणाऱ्या गोष्टीमागे सावट राहू शकतं. इथे फ्रेमरेटचा संबंध येतो जो फारसा कोणी सांगत नाही. आठ फ्रेम्स जमायला ६० वर साधारण ०.१३ सेकंद लागतात, ३० वर त्याच्या दुप्पट, म्हणून ३० फ्रेम्सवर टीएए चिखल वाटतं आणि ९० वर तेच टीएए बरं दिसतं. टीएए मऊ वाटत असेल तर सावल्या आणि प्रतिबिंब एक घर खाली आणून फ्रेम्स वाढवा, शार्पनिंगच्या आधी हे करा.

आणि कृपा करून रेड डेड २ किंवा सायबरपंक २०७७ सारख्या गेममधे कुठल्यातरी फाइलमधून टीएए बंद करू नका. या गेम्समधे केस, गवत, प्रतिबिंबं मुद्दामच ठिपक्याठिपक्यांची काढलेली असतात आणि टीएए ती जुळवून घेईल असं गृहीत धरलेलं असतं. ते काढलं की सगळं चित्र किरकिरतं.

डीएलएसएस, एफएसआर, एक्सईएसएस

हे सगळे (अनुक्रमे एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेलचे) मुळात टीएएचेच शहाणे भाऊबंद आहेत, कमी रिझोल्यूशनमधे गेम काढून मोठा करणारे. डीएलएसएस आणि एफएसआरच्या क्वालिटी मोडमधे प्रत्येक बाजू ६७ टक्के असते, म्हणजे १०८०पी स्क्रीनवर आतमधे फक्त ७२०पी. परफॉर्मन्स मोडमधे निम्मी. म्हणून १०८०पी वर क्वालिटीच्या खाली उतरू नका, फोरके स्क्रीनवर परफॉर्मन्स पण चालून जातं कारण तिथे आतमधे १०८०पी असतं.

एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड असेल आणि फ्रेम्स शिल्लक असतील तर डीएलएए निवडा, तेच तंत्र पण पूर्ण रिझोल्यूशनवर, माझ्या मते आज मिळणारं सगळ्यात चांगलं एए हेच. जानेवारी २०२५ मधे डीएलएसएस ४ सोबत नवीन ट्रान्सफॉर्मर मॉडेल (चित्र जुळवणारं एआय) आलं, ते २० सिरीजपासून सगळ्या आरटीएक्सवर चालतं, फक्त जुन्या कार्डांवर जरा जड आहे. एनव्हिडिया ॲपमधे ग्राफिक्समधे गेम निवडा, डीएलएसएस ओव्हरराइडमधे मॉडेल प्रीसेटला लेटेस्ट करा, गेम सपोर्टेड असेल तर कुंपणं आणि तारा किती शांत होतात ते बघा.

एफएसआर २ आणि ३ कुठल्याही कार्डवर चालतात, पण १०८०पी वर पानांमधे आणि पळणाऱ्या माणसामागे बारीक किरकिर राहते. त्याच गेममधे एक्सईएसएस असेल तर ते पण लावून बघा, बऱ्याचदा थोडं जड पण जास्त स्थिर असतं, आणि ते इंटेलच्याच कार्डला लागतं असं नाही. एफएसआर ४ मात्र खूप सुधारलंय, ते मार्च २०२५ मधे आरएक्स ९००० सिरीजसोबत आलं.

कार्डात ताकद उरली असेल तर

मोठ्या रिझोल्यूशनमधे काढून लहान करणं हा सगळ्यात प्रामाणिक उपाय, सगळ्या प्रकारच्या लुकलुकीवर चालतो, फक्त कार्डाचा घाम काढतो. रेड डेड २ मधे रिझोल्यूशन स्केल आहे आणि जीटीए ५ मधे फ्रेम स्केलिंग. १०८०पी वर पाच चतुर्थांश ठेवलं की गेम २४०० गुणिले १३५० मधे निघतो, पिक्सेल ५६ टक्के वाढतात, आणि रेड डेडमधलं ते मऊपण चांगलंच कमी होतं.

गेममधे सोय नसेल तर एनव्हिडियाचं डीएसआर, हेच काम ड्रायव्हरमधून करणारं. कंट्रोल पॅनलमधे डीएसआर फॅक्टर्स उघडा. आरटीएक्स असेल तर डीएल लिहिलेलं २.२५एक्स निवडा, मग गेममधे २८८० गुणिले १६२० दिसायला लागेल. स्मूदनेसचा स्लायडर डीएलच्या पर्यायांना वेगळा लागतो, कमी ठेवला तर वरून शार्पनिंग चढतं, म्हणून ५० च्या वर नेऊन ठरवा. डीएल नसलेलं ४एक्स वापरलं तर स्मूदनेस शून्य, कारण तिथे बरोबर चार पिक्सेलचा एक होतो. गेम बॉर्डरलेसमधेच (पूर्ण स्क्रीनभर पसरलेल्या खिडकीत) चालत असेल तर आधी डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन बदलावं लागतं.

आणि आता खरी गंमत. डीएलडीएसआर (तेच डीएल लिहिलेलं डीएसआर) २.२५एक्स लावून गेममधे डीएलएसएस क्वालिटी निवडा. २८८० चे ६७ टक्के म्हणजे परत १९२०, म्हणजे आतमधे गेम १०८०पी मधेच निघतोय, पण वर गेला, खाली आला, आणि दोन्ही वेळा चांगल्या गाळणीतून आला. नुसत्या १०८०पी पेक्षा थोडे फ्रेम्स जातात पण आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० वर १०८०पी मॉनिटर असणाऱ्यांनी हे एकदा तरी करून बघाच.

लॅपटॉपवाल्यांनो, डीएसआरचा पर्यायच दिसत नसेल तर घाबरू नका. बऱ्याच लॅपटॉपमधे स्क्रीन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेली असते, त्यामुळे एनव्हिडियाला तिच्यावर ताबा नसतो. मक्स स्विच (स्क्रीन थेट कार्डाला जोडणारा) असेल तर डिस्क्रीट मोड करा, किंवा मॉनिटर अशा पोर्टला लावा जो थेट कार्डाला जातो. रॅडिऑनमधे याला व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन म्हणतात, ॲड्रेनालिनच्या डिस्प्लेच्या पानावर एक बटण आहे.

जीटीएक्स १६५० वाल्यांना डीएलएसएस मिळत नाही, त्यात टेन्सर कोअर्स, म्हणजे एआयच्या गणिताचे खास भाग, नाहीत. त्यांच्यासाठी माझा क्रम असा: गेमचं टीएए, शार्पनिंग शून्य, १६एक्स फिल्टरिंग, सावल्या मध्यम, आणि फ्रेम्स कमी पडले तरच एक्सईएसएस किंवा एफएसआर क्वालिटीवर. लांबच्या गवताची आणि तपशिलाची अंतरं पण कमी करा, जीटीए ५ मधलं एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग वगैरे, लांबवर बारीक गोष्टी जितक्या कमी तितकं लुकलुकायला कमी.

एवढं करूनही उरलं तर

स्थिर कॅमेऱ्यात खदखद असेल तर एकेक गोष्ट पूर्ण बंद करून बघा, आधी स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन्स (प्रतिबिंबं), मग ॲम्बियंट ऑक्लूजन (कोपऱ्यांतला काळोख), मग सावल्या. जी बंद केल्यावर खदखद गेली तीच गुन्हेगार, मग ती सेटिंग एकतर वर न्या किंवा बंदच ठेवा. सायबरपंकमधे रिफ्लेक्शन्स खालच्या पातळीवर दाणेदार दिसतात, मधेच कुठेतरी ठेवण्यापेक्षा हाय किंवा सरळ ऑफ.

जुने गेम्स

सॅन अँड्रियाससारख्या डायरेक्टएक्स ९ च्या गेम्सना ड्रायव्हरमधूनच एए लावता येतं, आणि माडांच्या झावळ्या आणि रेलिंगसाठी कंट्रोल पॅनलमधे अँटी-एलियासिंग ट्रान्सपरन्सी सुपरसॅम्पलवर न्या, आजच्या कार्डला त्याचं ओझंच नाही. मात्र आधी गेममधलं किंवा ड्रायव्हरमधलं साधं एए चालू हवं, नाहीतर हा पर्याय काहीच करत नाही. त्याहून जुन्या गेम्सना डीजीवूडू वापरा, तो जुन्या डायरेक्टएक्सचं काम नव्यावर नेतो आणि रिझोल्यूशन, एमएसएए, फिल्टरिंग सगळं स्वतः लावतो. कशातच एए नसेल तर रीशेडमधून (गेमच्या चित्रावर बाहेरून फिल्टर चढवणारं सॉफ्टवेअर) एसएमएए घालता येतं, पण ते एकट्याने खेळायच्या गेममधेच ठेवा. ऑनलाइन गेममधे बाहेरची फाइल टाकली की अँटी-चीट ती अडवू शकतं आणि काही ठिकाणी अकाउंटच बंद होतं.